चौकशीबाई मोर्स शिकतात

रुग्णालयाच्या मुख्य दारातून आत शिरले की समोर एक काच लागते. काचेच्या तळाशी अर्धगोल खिडकी कापलेली आहे, आणि त्या खिडकीमागे वर्षानुवर्षे बसलेल्या बाईंना सगळेच चौकशीबाई म्हणतात. डॉक्टर म्हणतात, सफाई कामगार म्हणतात, आणि अलीकडे त्यांच्या सख्ख्या जावेनेही फोनवर तसे म्हणायला सुरुवात केली आहे. तिच्या म्हणण्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे चौकशीबाईंना अजून ठरवता आलेले नाही.

त्यांच्या कामाची एक रीत होती.

"मला जरा..." खिडकीशी वाकलेला माणूस सुरुवात करी.

"रक्त तपासायचंय. डावीकडे, शेवटची खोली. सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाही, पण माझं म्हणणं..."

"रिपोर्ट उद्या मिळेल. हं, पुढचे."

बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघे. ज्याच्या बाबतीत तो चुके, तो माणूस लांबलचक बोळ तुडवून, भलत्याच रांगेत ताटकळून, ओशाळा होऊन परत येई. आणि ओशाळायचे त्याने, हेही जणू ठरलेलेच होते. मोठ्या संस्थांना माणूस अर्ध्या वाक्यापुरताच हवा असतो. उरलेले अर्धे त्यांच्यापाशी तयार असते. चौकशीबाईंना हे कोणी शिकवले नव्हते, रांगेने शिकवले होते. रांग वाढू न देणे हीच सेवा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती आणि ती समजूत घेऊनच त्या संध्याकाळी घरी परतत.

घरी या रीतीला आणखी एक कारण होते. त्यांचे यजमान पाणीपुरवठा कार्यालयात आरेखक होते. जमिनीखालची कोणती नळवाहिनी कुठून वळते, हे त्यांच्या नकाशांत असे स्वच्छ उमटे की खोदणाऱ्यांना दुसऱ्यांदा विचारावे लागत नसे. बोलताना मात्र त्यांची जीभ अडखळे. पहिले अक्षर दारात अडकलेल्या कपाटासारखे अडे. आत ढकलता येत नाही आणि बाहेर ओढता येत नाही. लग्नाआधी त्यांच्या वतीने त्यांची थोरली बहीण बोलत असे. लग्नानंतर ते खाते आपसूक चौकशीबाईंकडे आले. दुकानात, दवाखान्यात, सोयऱ्याधायऱ्यांत, 'यांना चहा कमी गोड लागतो' इथपासून 'आम्हाला हे स्थळ पसंत आहे' इथपर्यंत सगळे त्याच बोलल्या. आरेखकांनी कधी हरकत घेतली नाही. निदान शेवटच्या शब्दापर्यंत पोचलेली एकही हरकत चौकशीबाईंच्या स्मरणात नव्हती. एकदा, लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत, त्यांनी सोयीसाठी म्हणून नवऱ्यापुढे पाटी आणि पेन्सिल ठेवली होती. तेव्हा आरेखकांनी पाटी उचलून परत कपाटात ठेवली आणि "मी मु... मुका नाही" एवढे वाक्य घाम पुसत पुरे केले होते. ती गोष्ट तिथेच संपली.

निवृत्तीनंतर आरेखकांना हौशी रेडिओचे, म्हणजे घरच्या यंत्रावरून जगभरातल्या हौशींशी बोलण्याचे, वेड लागले. ते लावणारा माणूस म्हणजे कप्तान. हे गृहस्थ जहाजांवर रेडिओ अधिकारी होते, कप्तान कधीच नव्हते. पण "इतकी वर्षं पाण्यावर काढली, आता कोणी बढती दिली तर नाही कशाला म्हणू" असे म्हणत त्यांनी ते नाव लावून घेतले होते. सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत ते हौशी मंडळींचा वर्ग चालवत. आरेखकांनी तिथे शिकून परीक्षा दिली, परवाना मिळवला, स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीतले डबे माळ्यावर चढवले आणि तिथे यंत्र मांडले. गच्चीवरच्या टाकीपासून पलीकडच्या खांबापर्यंत तार ताणली. यंत्राबरोबर आलेला माइक त्यांनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नाही. त्यांचे सगळे बोलणे मोर्समध्ये चाले. यंत्राला जोडलेली पितळी दाबपट्टी, म्हणजे 'की', क्षणभर दाबली तर 'डिट', अंमळ धरून ठेवली तर 'डा'; अशा आखूड-लांब आवाजांतून एकेक अक्षर होते आणि अक्षरांतून शब्द.

या भाषेत तो माणूस अडखळत नव्हता. ऑपरेटरच्या कीवरील लकबीला ही मंडळी 'हात' म्हणतात. कप्तान एकदा घरी आले असताना म्हणाले, "वहिनी, यांचा हात ऐका. तेलाची धार."

"मला तर कुकरची शिट्टी ऐकू येत नाही यांच्यापायी," चौकशीबाई म्हणाल्या. "डाळ करपली परवा."

खरे सांगायचे तर डाळीपेक्षा दुसरेच काहीतरी करपत होते. ज्या माणसाचे प्रत्येक वाक्य आपण खांदा देऊन पैलतीरी नेले, तो माणूस भिंतीपलीकडे बसून अनोळखी लोकांशी तासन्‌तास बोलतो आणि त्यातले एक अक्षर आपल्याला कळत नाही, हे त्यांना सहन होत नव्हते.

त्यातच लेकीचा फोन आला. लेक परगावी राहत होती. तिने बंगल्यांच्या सोसायटीतले आपले घर वाढवले होते आणि वरचा मजला आईवडिलांसाठी ठेवला होता. फोन स्पीकरवर होता.

"दोघं इकडेच या कायमचे. तिथे काय राहिलंय आता?"

"आम्ही तयारच आहोत गं," चौकशीबाई म्हणाल्या. "माझी नोकरी संपली की निघतो."

"बाबा, तुमचं काय?"

"म... म... मला..."

"त्यांनाही तेच वाटतं. नातवाची सोबत होईल म्हणतायत."

आरेखकांनी तोंड मिटले. मिटलेले तोंड म्हणजे होकार, हा या घराचा जुना कायदा होता. लेकीने त्याच आठवड्यात वरच्या मजल्याचे काम काढले.

त्यानंतर आरेखकांचे घरातले बोलणे जवळजवळ थांबले. जेवायला वाढले की जेवत, विचारले की मान हलवत आणि उठून कोठीत जात.

"हे अँटेनाचं आहे ना?" एके दिवशी चौकशीबाईंनी दारातच गाठले. "तिथे गच्चीवर तार लावू देणार नाहीत म्हणून फुगलात. हो ना?"

"त... तसं..."

"तसंच. मला कळत नाही का? जगाला गप्पा आणि घराला कुलूप. त्या परक्या माणसांना काय सांगता एवढं?"

आरेखकांनी कोठीचे दार पुरते उघडले. मग म्हणाले, "शि... शिक मग."

"शिकते की. त्यात काय मोठं?"

त्यात काय मोठे आहे, ते पुढच्या काही महिन्यांत त्यांना कळले.

आधी त्यांनी आपल्या नेहमीच्या हुशारीने मोर्सचा छापील तक्ता आणून फ्रिजवर चिकटवला. टिंबे आणि रेघा पाहून आठवड्याभरात सारी अक्षरे तोंडपाठ केली, आणि पुरुषमंडळी या एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ करतात, असे जावेला सांगूनही टाकले. मग रविवारी वर्गात जाऊन बसल्या आणि कप्तानांनी की दाबताच त्यांची बोबडी वळली. आवाज यायचा, त्या मनातल्या मनात त्याची टिंबे-रेघा मांडायच्या, मग मनातल्या तक्त्यावर ते अक्षर शोधायच्या. ते सापडेपर्यंत पुढची तीन अक्षरे निघून गेलेली.

"तक्ता फाडा तो," कप्तान म्हणाले. "तुम्ही कान आणि हात यांच्यात दुभाष्या नेमलाय. तो पगार खातोय नुसता."

तक्ता फाडला, पण डोक्यातला निघायला फार दिवस गेले. चौकशीबाईंचा जीव मेटाकुटीला आला. अतिदक्षता विभागातले यंत्र दिवसभर एकेका डिटची 'ई, ई, ई' म्हणू लागले, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर एका डाचा लांबलचक 'टी' देऊ लागली, आणि 'एस' व 'एच' यांतला एका डिटचा फरक ऐकू येईना तेव्हा त्यांनी पेन्सिल फेकली आणि ती शोधायला स्वतःच कॉटखाली वाकल्या. "या वयात ही अवदसा आठवली मला," असे त्या रोज म्हणत आणि रोज बसत. आरेखक नुसता आवाज काढणाऱ्या सरावाच्या यंत्रावर समोर बसून अक्षरे पाठवत. चुकले तर काही बोलत नसत. तेच अक्षर त्याच शांतपणे पुन्हा पाठवत. त्या शांतपणाचाही चौकशीबाईंना राग येई.

हळूहळू कान उघडले. एका संध्याकाळी भाजी निवडत असताना कोठीतून आलेली अक्षरे त्यांच्या कानात आपोआप जुळली. आरेखक समुद्रापलीकडच्या कुणाला तरी इंग्रजीत सांगत होते की डावा गुडघा सुजला आहे आणि जिने चढवत नाहीत.

चौकशीबाई भाजी टाकून दारात उभ्या राहिल्या.

"गुडघा सुजलाय?"

आरेखकांनी मान हलवली.

"कधीपासून?"

आरेखकांनी हातानेच 'बरेच दिवस' असे दाखवले.

"मी दवाखान्यात बसते. हाडांचा विभाग माझ्या खिडकीतून दिसतो. आणि तुमचा गुडघा सातासमुद्रापलीकडच्या माणसाला माहीत?"

"त्या... त्याने वि... विचारलं."

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गुडघ्याची सगळी हकीकत डॉक्टरांना त्यांनीच सांगितली.

अक्षरे येऊ लागली तशी वाक्ये येऊ लागली, आणि तिथे एक नवीच पंचाईत उभी राहिली. कप्तान वर्गात रोमन अक्षरांत आपल्याच भाषेतली साधी वाक्ये पाठवत. चौकशीबाईंचे कागद नेहमी सर्वांआधी भरत. एकदा कप्तानांचा हात चालू असतानाच त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"संपलं तुमचं?" कप्तानांनी कीवरचा हात न थांबवता विचारले.

"हो. 'बंदरात वादळ आल्यामुळे जहाज थांबले आहे.'"

"मी अजून पाठवतोय, वहिनी. आणि जहाज थांबलेलं नाही, निघालंय."

वर्ग हसला. चौकशीबाई लाल झाल्या. "वादळात जहाज निघेल कशाला?"

"ते मालकाला विचारा. तुमचं काम लिहायचं." कप्तानांनी त्यांचा कागद उचलून पाहिला. "कान चांगलाय तुमचा. पण तुम्ही ऐकत नाही, ओळखता. अर्ध्या वाक्यानंतर मी उठून गेलो तरी तुमचं काही अडणार नाही."

त्या दिवसापासून त्यांनी चौकशीबाईंना वाक्ये बंद केली आणि पाचपाच अक्षरांचे गट द्यायला सुरुवात केली. के, झेड, टी, एल, एम अशी कुठलीही पाच अक्षरे, मग दुसरी पाच. शब्द नाही, अर्थ नाही, पुढे काय येणार याचा ठावठिकाणा नाही. जुने रेडिओवाले याच रीतीने नवशिक्याची अंदाजाची खोड मोडतात. चौकशीबाईंची दाणादाण उडाली. रिकामी राहिलेली जागा त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखी छळे. ती भरायच्या नादात पुढचे सगळे हुके.

"याला काही अर्थ आहे का?" शेवटी त्या उसळल्या.

"नाही. म्हणून तर पाठवतोय."

"अर्थच नसेल तर माणूस ऐकेल कशासाठी?"

"अर्थ तुमच्यापाशी आधीच तयार असतो, म्हणून समोरच्याचं ऐकायची वेळच येत नाही तुमच्यावर. राहिलं अक्षर की रेघ मारा आणि पुढे चला. रेघ मारायला एवढी लाज कसली?"

चौकशीबाई तावातावाने जिना उतरल्या. वाटेत त्यांनी कप्तानांना मनातल्या मनात बरीच उत्तरे दिली. घरी आल्यावर पर्स आपटली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा समोर. पाच अक्षरं पाठवा. कुठलीही."

असे किती दिवस गेले कोण जाणे. कागदांवर रेघाच रेघा झाल्या. पण हळूहळू एक गोष्ट घडली, आणि ती आधी घरात नाही, खिडकीत दिसली. एका सकाळी एक बाई वाकून "मला जरा..." म्हणाली. चौकशीबाईंच्या जिभेवर 'रक्त' आले होते. सरावाने थकलेले डोके एक क्षण मागे राहिले. "...मला जरा इथे टेकू देता? पाय थरथरतायत," ती बाई म्हणाली. चौकशीबाईंनी आतली खुर्ची बाहेर दिली. मग दुसऱ्याचे पुरे ऐकले, तिसऱ्याचे ऐकले. दुपारपर्यंत रांग दारापर्यंत गेली आणि वरिष्ठांनी बोलावून तंबी दिली. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही तर चेहरा बघून सांगता." म्हणजे ऐकले तरी बोलणी बसतात. चौकशीबाईंना कप्तानांचा मनस्वी राग आला.

तेवढ्यात लेकीचा निरोप आला. वरच्या मजल्यावर सुतार यायचा होता. कपाटे कुठे, कॉट कुठे, हे रविवारी संध्याकाळी फोनवर ठरवू या. त्या रविवारी दुपारची जेवणे झाल्यावर चौकशीबाईंनी सरावाचे यंत्र टेबलावर आणले.

"आज वाक्यं पाठवा. बघू तरी, सुधारलेय का मी."

आरेखकांनी काही साधी वाक्ये पाठवली. दूध संपले आहे. नळाचा वॉशर बदलायला हवा. चौकशीबाईंनी एक अक्षर मागे राहून, शिस्तीने सगळे लिहिले. मग आरेखकांचा हात थांबला. त्यांनी पत्नीकडे पाहिले, खुर्ची पुढे सरकवली आणि पुन्हा की दाबली.

पहिला शब्द आला. 'तिथे'.

चौकशीबाईंना पुढचे कळून चुकले. तिथे अँटेना लावता येणार नाही. पेन्सिलने 'ए' काढायला सुरुवातही केली. पण आवाज 'ए'चा नव्हता, 'एम'चा होता. दोन लांब डा. त्यांनी अर्धवट 'ए' खोडला आणि दात आवळून, पुढचे काहीही मनात येऊ न देता, येईल ते अक्षर लिहीत गेल्या. मध्ये दोन हुकली. तिथे रेघा मारल्या. आरेखकांचा हात त्याच संथ धारेने चालला होता आणि थांबला तेव्हा कागदावर एक वाक्य उतरले होते. दोन रेघांसकट ते वाचता येत होते.

'तिथे माझ्या वतीने बोलणाऱ्या दोघी होतील.'

चौकशीबाईंनी ते वाचले. पुन्हा वाचले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही. त्यांना संताप आला.

"तोंड दुखेपर्यंत बोलले मी तुमच्यासाठी. तुमचं हसं होऊ नये म्हणून. दुकानदार खदखदून हसायचे, आठवतं? कोणी पुढे झालं तेव्हा? आणि आता ही परतफेड?"

आरेखकांनी पाठवले, 'आठवतं.' थोडे थांबून पाठवले, 'म्हणूनच इतके दिवस गप्प.'

"मग अँटेना?"

'अँटेना दुय्यम.'

"म्हणजे यायचं नाही तुम्हाला." हे आपण पुन्हा पुरे करून टाकले, हे लक्षात येऊन चौकशीबाई ओठ चावून थांबल्या.

'सध्या नाही,' आरेखकांनी पाठवले. 'तिला मीच सांगेन. तोंडाने.'

"आज? सुतार उद्या येतोय."

आरेखकांनी मान हलवली.

चौकशीबाईंना जायचे होते. नातू अंगाखांद्यावर खेळवायचा होता, पाठ दुखेपर्यंतची नोकरी संपवून कुणाच्या तरी हातचा चहा प्यायचा होता. नवऱ्याचे म्हणणे कळले म्हणजे ते पटलेच पाहिजे असे नाही, आणि त्यांना ते पटले नव्हते. मात्र इतक्या वर्षांत आपण या माणसाशी कधी भांडलोच नाही, कारण दोन्ही बाजू आपणच मांडत होतो, हे त्यांना भांडी विसळताना उमगले आणि त्या अधिकच चिडल्या.

फोन वाजला. चौकशीबाईंनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर मधोमध ठेवला.

"आई, सुतार विचारतोय, खिडकीखाली कॉट ठेवायची की..."

"बाबांना बोलायचंय," चौकशीबाई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

"ऐ... ऐ... ऐक," आरेखक म्हणाले. "म... म... मी..."

"अँटेनाचंच ना बाबा? मी सोसायटीशी बोललेय, ते म्हणाले..."

"थांब गं," चौकशीबाई म्हणाल्या. "त्यांचं व्हायचंय अजून."

"पण आई, मला माहितीये त्यांना काय..."

"मलाही माहीत होतं. थांब."

लेक थांबली. आरेखकांच्या मानेची शीर ताठ झाली होती. अक्षर ओठांपाशी येऊन अडत होते, मागे जात होते, पुन्हा येत होते. तो शब्द चौकशीबाईंना दिसत होता, जिभेवर अगदी तयार होता. तो गिळून त्या टेबलाची कड धरून बसून राहिल्या. हे पाच अक्षरांच्या गटांपेक्षा कितीतरी अवघड होते.

"मी स... सध्या ये... येत नाही," आरेखक म्हणाले. "सु... सुताराला थां... थांबव. मा... माझं उत्तर कु... कुणीच मला वि... विचारलं नाही."

लेक हळू आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं, बाबा." आणि थोड्या वेळाने, "उत्तर आईनं दिलं."

"हो," चौकशीबाई म्हणाल्या. "मी दिलं."

"मग आई, तुझं काय आहे? तुझं स्वतःचं?"

"आम्ही..." चौकशीबाई म्हणाल्या आणि अडखळल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना एकटीला कोणी विचारला नव्हता. "मला यायचंय," त्या म्हणाल्या. "मला यायचंय आणि यांना यायचं नाही. असं आहे."

"मग करायचं काय?"

चौकशीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. आरेखकांनी श्वास घेतला होता. त्यांना यावर काही म्हणायचे होते आणि त्याला आता वेळ लागणार होता. चौकशीबाईंनी फोन थोडा त्यांच्याकडे सरकवला, चहाखालचा गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या.